कोरीव खुर्ची, आत्यासह

गावाबाहेरच्या बंगल्यातलं जुनं सामान लिलावात काढायचं, यावर आम्हा तिघा भावंडांचं एकमत झालं. ही गोष्ट सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो, कारण त्याआधी आमचं कशावरच एकमत झालेलं नव्हतं आणि यापुढे होईल अशी लक्षणं नाहीत. बंगला आजोबांनी बांधलेला. त्यांना जुन्या वस्तू जमवायची हौस होती. झुंबरं, घड्याळं, माणूस आत उभा राहील एवढी कपाटं, आणि भिंतीभर तैलचित्रं. त्या चित्रांतले मिशीवाले पुरुष आणि गळ्यात मोती घातलेल्या बायका आमच्या नात्यातल्या कोणीही नाहीत. आजोबांनी ते सगळे पूर्वज रोखीने विकत घेतले होते. हे आम्हाला बरंच उशिरा कळलं. तोपर्यंत ताईचं नाक त्यातल्या एका बाईंवर गेलंय, असं घरात सगळे म्हणायचे.

बंगल्यात आता फक्त आत्या राहत होती. वडिलांची सख्खी बहीण. आमची आई लवकर गेली तेव्हा आम्हा तिघांना तिनेच वाढवलं. लग्न करायचं राहूनच गेलं तिचं. पुढे आम्ही शिकून शहरात गेलो आणि ती मागे राहिली, सामान पुसत. दिवाणखान्यात खिडकीपाशी उंच पाठीची एक कोरीव खुर्ची होती. दुपारचं काम आटपलं की त्या खुर्चीत बसून ती डुलकी काढायची. बंगल्याची जागा एका बांधकामवाल्याला द्यायची ठरली, सामान लिलाव कंपनीला द्यायचं ठरलं, आणि मग आत्या उरली.

आत्याचा प्रश्न आम्ही टाळला, असं लोक म्हणतात. म्हणू देत. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? आम्ही त्या प्रश्नावर कितीतरी रविवार घालवलेत. चहाची भांडीच्या भांडी रिकामी केलीत.

"माझ्याकडे आली असती," दादा म्हणाला, "पण आमच्या बिल्डिंगची लिफ्ट लहान आहे."

"आत्या केवढीशी आहे रे," ताई म्हणाली.

"ती लहान आहे, पण बंद जागेत तिला गुदमरतं."

"असं ती कधी म्हणाली?"

"म्हणायला कशाला हवं? मला बघूनच कळतं."

ताईकडे तिच्या सासूबाई आधीपासून होत्या. दोन म्हाताऱ्या एका टीव्हीसमोर बसवल्या तर रिमोटवरून रोज भांडणं होतील, असं तिचं म्हणणं, आणि ते चुकीचं नव्हतं. राहिलो मी. माझ्या घराचं नुकतंच नवं इंटिरियर झालं होतं. हल्लीच्या पद्धतीचं, म्हणजे घरात काहीच ठेवायचं नाही असं. आमच्या हॉलमध्ये एक पांढरी भिंत आहे आणि एक झाड. बाकी रिकामी जागा. ती रिकामी जागा फार महाग पडली आहे. डिझायनर म्हणाला होता की तिथे साधी चप्पल जरी पडली तरी सगळा परिणाम जातो. आमची सौ. तेव्हापासून पाहुण्यांच्या पिशव्यासुद्धा बाहेर ठेवायला सांगते. अशा ठिकाणी आत्याला कुठे बसवणार, तुम्हीच सांगा.

आत्याला काही कमी पडू द्यायचं नाही, यावर मात्र आम्ही तिघेही ठाम होतो. फक्त ते कोणाच्या घरी कमी पडू द्यायचं नाही, एवढंच ठरत नव्हतं. आणि आत्या तर भेटेल तेव्हा विचारायची, "मग माझं काय ठरलं रे?" बरं, रागाने विचारायची असंही नाही. अगदी सहज, भाजीत मीठ किती घालू विचारावं तसं. त्याचा आम्हाला फार त्रास व्हायचा.

अशात कंपनीचा पारखी आला. हातात पांढरे मोजे, गळ्यात भिंग, खिशात टॉर्च. बोलणं इतकं हळू, जणू काही घरातली कपाटं झोपली होती. त्याने आम्हाला कंपनीची पद्धत समजावून सांगितली. वस्तू ज्या स्थितीत सापडेल त्याच स्थितीत तिचा फोटो, तिचं वर्णन आणि तिच्यावर लॉटच्या, म्हणजे एका बोलीत जाणाऱ्या नगाच्या, नंबराची चिठ्ठी. चिठ्ठी एकदा लागली की त्या वस्तूवरचं, आतलं किंवा खालचं काहीही हलवायचं नाही. मागे एका घरमालकाने चिठ्ठी लागल्यावर घड्याळातली किल्ली काढून घेतली आणि प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हापासून हा नियम. मी विसरून माझा चष्मा एका गोल टेबलावर ठेवला होता, तो त्या टेबलाबरोबर गेला. आजही मी हे जुन्या नंबरच्या चष्म्याने लिहितोय.

फिरत फिरत पारखी खिडकीपाशी आला. खुर्चीत आत्या झोपली होती. मान एका बाजूला कललेली, हात खुर्चीच्या हातांवर.

"खुर्ची सुंदर आहे," पारखी कुजबुजला. "वरचं काढून घेता का?"

आम्ही तिघे एकमेकांकडे बघायला लागलो. काढायचं म्हणजे उठवायचं. उठवलं की ती डोळे उघडणार, चष्मा शोधणार, आणि पहिला प्रश्न विचारणार. तो प्रश्न काय, हे आम्हाला पाठ होतं. उत्तर मात्र अजून तयार नव्हतं.

"राहू द्या," दादा म्हणाला. "उगाच जाग येईल तिला."

"म्हणजे असंच?"

"असंच."

"तिघांचीही संमती आहे?"

ताई छताकडे बघत होती. मी मान हलवली. पारख्याने फोटो काढला, खुर्चीच्या पायाला चिठ्ठी चिकटवली आणि आमच्या सह्या घेतल्या. सही करताना कागद कोण वाचतं हो? तुम्ही वाचता? वाचत असाल तर तुम्ही मोठे.

पुढच्या महिन्यात कॅटलॉग छापून आला. गुळगुळीत कागद, हातात धरला तर निसटेल असा. त्यात मधल्या पानावर आत्या होती. खाली लिहिलं होतं: "उंच पाठीची कोरीव खुर्ची. पाठीवर द्राक्षांचे घोस. सोबत वृद्ध स्त्री, आसनस्थ, त्याच काळातील. दोन्हींवर वापराच्या खुणा. हात किंचित झिजलेले. जोड फोडून विकली जाणार नाही."

दादाने ताबडतोब कंपनीला फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"तुमच्या कॅटलॉगमध्ये आमची आत्या छापून आलीय!"

"लॉट नंबर सांगा," पलीकडून एक बाई म्हणाल्या. दादाने सांगितला. "हां, आहे की. फोटो छान आलाय ना?"

"फोटोचा प्रश्न नाही हो. ती माणूस आहे. काढा तिला त्यातून."

"छापल्यावर काढता येत नाही. शुद्धिपत्र निघतं, पण ते फक्त छपाईच्या चुकांसाठी. आत्या ही छपाईची चूक आहे का?"

दादाने आमच्याकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला.

"मग त्या वस्तुस्थितीत मोडतात. शिवाय तुमच्या तिघांच्या सह्या आहेत. एक लॉट मागे घेतला तर नियमाप्रमाणे पूर्ण लिलाव रद्द होतो, आणि आजपर्यंतचा सगळा खर्च मालकांकडून वसूल केला जातो. करू का रद्द?"

खर्च म्हटल्यावर दादाने स्पीकर बंद केला आणि बरंच काही अदबीने बोलून फोन ठेवला.

आता मी सांगतो, त्या दिवशी आम्ही तिघेही मनापासून संतापलो होतो. दादा ग्राहक न्यायालयात जाणार होता, ताई पेपरात लिहिणार होती, आणि मी त्या दोघांना पाठिंबा देणार होतो. पण त्याच आठवड्यात बाईंचा पुन्हा फोन आला. म्हणाल्या, बंगल्यातल्या बाकी खुर्च्यांना कुत्रं विचारत नाही, पण आत्यावाल्या खुर्चीसाठी चौकश्यांची रांग लागली आहे. आणि त्यांनी अंदाजे बोली किती जाईल तो आकडा सांगितला. तो आकडा मी इथे लिहीत नाही. करखात्यातले लोकही वाचतात.

"शी!" ताई म्हणाली. "माणसाची किंमत करतात मेले." मग थोडं थांबून म्हणाली, "पण हा आकडा नुसत्या खुर्चीचा, की दोघींचा मिळून?"

"मिळून," फोनवरच्या बाई म्हणाल्या.

"आणि नुसत्या खुर्चीचा?" दादाने विचारलं.

नुसत्या खुर्चीचा आकडाही बाईंनी सांगितला. आजोबांनी आयुष्यभर जमवलेलं सामान काय लायकीचं होतं, ते आम्हाला त्या दिवशी कळलं.

शेवटी प्रश्न तत्त्वाचा होता, म्हणून आम्ही तत्त्वाच्या अंगाने विचार केला. जो माणूस आत्यासाठी एवढी रक्कम मोजेल, तो तिला जपेल की नाही? आम्ही तर तिला फुकटात ठेवणार होतो, आणि तेसुद्धा कुठे ते ठरत नव्हतं. शिवाय आम्ही तिला विकत नव्हतोच. आम्ही खुर्ची विकत होतो. आत्या सोबत होती, एवढंच. हा मुद्दा सौ.ने मांडला आणि सगळ्यांच्या मनावरचं ओझं उतरलं.

आत्याला हे सांगायचं कोणी, यावर पुन्हा एक रविवार गेला. शेवटी मलाच पाठवलं. गेलो तर ती खुर्चीत बसून भिंग लावून कॅटलॉगच वाचत होती.

"काय रे," ती म्हणाली, "हे 'हात किंचित झिजलेले' कोणाचे? खुर्चीचे की माझे?"

"दोघींचेही असतील."

"हं. आणि 'त्याच काळातील' काय मेलं? खुर्ची माझ्यापेक्षा किती मोठी आहे! बाईमाणसाच्या वयाचं असं छापतात का?"

"आता दुरुस्त करता येत नाही, आत्या."

"राहू दे मग. मला एकच सांग. तुमच्यापैकी कोणी घेणारे का?"

"बघू," मी म्हणालो. "गर्दी खूप असणार आहे म्हणतात."

"बघ हो," ती म्हणाली. "मी काही फार जागा घेत नाही." आणि पान उलटून ती पुढच्या झुंबराचं वर्णन वाचायला लागली.

लिलावाच्या आधी पारखी पुन्हा आला. एवढी मोठी बोली अपेक्षित असल्यावर वस्तूच्या अस्सलपणाची खात्री करावी लागते म्हणे.

"या खऱ्याच आत्या आहेत ना?" त्याने मला बाजूला घेऊन विचारलं. "राग मानू नका. बाजारात नकली फार येतात. लांबच्या चुलत असतात, शेजारच्या मावश्या असतात, लोक बेधडक सख्ख्या म्हणून खपवतात."

मी जन्मदाखले दाखवले, जुने फोटो दाखवले. त्याने ते भिंगाखाली धरून पाहिले. मग वही काढली आणि आत्याचा पूर्वेतिहास विचारायला लागला.

"वापर कसा होता?"

मी सांगायला लागलो. आम्हाला ताप आला की ही रात्रभर उशाशी बसायची. दादा नापास झाला तेव्हा वडिलांच्या आणि त्याच्या मध्ये हीच उभी राहिली आणि दोन रट्टे हिलाच बसले. ताईच्या लग्नात स्वतःच्या बांगड्या दिल्या. मला अंधाराची भीती वाटायची, तर मी झोपेपर्यंत दाराबाहेरून काहीबाही बोलत राहायची, म्हणजे मला आवाज येत राहावा. हे सांगता सांगता मला रडू आलं. खोटं नाही सांगत, चांगलं हुंदके देऊन आलं. पारखी सभ्य माणूस, तो थांबला. मग त्याने लिहिलं: "नियमित वापरात."

"दुरुस्ती कधी झाली होती?"

"उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय."

"तेव्हा जवळ कोण होतं?"

"दूधवाला," मी म्हणालो. "आम्ही फोनवर होतो."

"त्यानंतर भेटी वगैरे?"

"वर्षातून एखादी. कधी कधी नाहीही."

त्याने लिहिलं: "मालकांनी फारशी हाताळलेली नाही."

"हे चांगलं की वाईट?" मी डोळे पुसत विचारलं.

"बाजाराच्या दृष्टीने उत्तम," तो म्हणाला. "न हाताळलेल्या वस्तूला फार मागणी आहे."

लिलावाच्या आदल्या दिवशी लोकांना सामान बघायला खुलं केलं. काय ती गर्दी! लोक आत्याभोवती टॉर्च घेऊन फिरत होते. एकाने दात मूळचे आहेत का विचारलं. ते बसवलेले आहेत कळल्यावर त्याने तोंड वाकडं केलं आणि घड्याळांकडे गेला. एक तरुण जोडपं आलं होतं. त्यांचं घर नवंकोरं होतं, आणि त्याला जरा मुळं असल्यासारखं दिसावं म्हणून काहीतरी जुनं हवं होतं.

"ही बोलते का?" त्यातल्या तरुणीने मला विचारलं.

"बोलते."

"आवाज कमी करता येतो?"

"आधी तुझा करून दाखव, मग बघू," आत्या म्हणाली.

"अय्या, ओरिजिनल!" असं म्हणत तिने नवऱ्याचा दंड धरला. तेवढ्यात एक हॉटेलवाले आले. त्यांना आत्या स्वागतकक्षात ठेवायची होती. गिऱ्हाईक आत आलं की "दमलास का रे" एवढंच म्हणायचं, बाकी काही काम नाही. हे म्हणायला किती लागतील, असं त्यांनी तिलाच विचारलं. आत्या म्हणाली, "ते मी आजवर नुसतंच म्हणत आले." हॉटेलवाल्यांनी ते लिहून घेतलं.

सगळ्यात शेवटी संग्रहालयाच्या बाई आल्या. हातात टेप, खोलीतला ओलावा मोजायचं यंत्र. त्यांनी खुर्ची मोजली, आत्या मोजली, मग खाली बसून तिचे पाय बघितले.

"बसून बसून पाय सुजतात का हो तुमचे?"

"संध्याकाळचे सुजतात," आत्या म्हणाली. "झाली असतील त्याला काही वर्षं."

आम्ही तिघे तिथेच उभे होतो. आम्हाला ते तेव्हाच कळलं.

लिलाव दिवाणखान्यातच झाला. लिलाव पुकारणारे साहेब उंच, शिडशिडीत आणि अत्यंत नियमाचे. सकाळपासून कपाटं गेली, झुंबरं गेली, विकत घेतलेले पूर्वज पुन्हा विकत घेतले गेले. मग आत्याचा नंबर आला. दोन हमालांनी खुर्ची आत्यासकट उचलून मधोमध आणून ठेवली. तिने ठेवणीतली साडी नेसली होती आणि केस चापूनचोपून बसवले होते. पहिल्या रांगेत आम्ही होतो.

"पहिली बोली कोण देतंय?" साहेबांनी विचारलं.

कोणी काही बोलेना. अशा वेळी प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघतो. आणि माझा हात वर गेला. मी नेला नाही, देवाशपथ सांगतो, तो आपोआप गेला. आत्याने बघितलं. खुर्चीत ती एकदम ताठ बसली आणि तिने पदर नीट केला, माणूस उठून निघायच्या तयारीत करतं तसा.

"पुढच्या रांगेतले गृहस्थ," साहेब म्हणाले.

"कुठे ठेवणार?" सौ. माझ्या कानाशी म्हणाली. एवढंच. त्यात ना चीड, ना धमकी. डोळ्यांपुढे आमचा हॉल आला, ती पांढरी भिंत, ते झाड. मी वर गेलेला हात हळूच कानापाशी आणला आणि कान खाजवला.

"बोली नव्हती," साहेबांनी जाहीर केलं. "गृहस्थ कान खाजवत होते."

आत्याने मान फिरवली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मला लाज वाटली. फार वाटली, आणि ती मधल्या सुट्टीत चहा येईपर्यंत गेली नाही.

मग बोली सुरू झाली. जोडप्याने वाढवली, हॉटेलवाल्यांनी वाढवली, संग्रहालयाच्या बाईंनी दोघांच्या वर नेली. आकडा इतका वर गेला की दादाने खिशातली रक्तदाबाची गोळी तोंडात टाकली. आणि तेवढ्यात खुर्चीतून हात वर झाला.

"माझी बोली," आत्या म्हणाली.

साहेबांनी खिशातून नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा लावला, बरीच पानं उलटली.

"लॉटला स्वतःवर बोली लावता येत नाही," ते म्हणाले. "हितसंबंधांचा प्रश्न येतो."

"अहो, पण हे सगळं सामान माझ्या वडिलांचं. मी ते आयुष्यभर पुसलं. त्याचे जे पैसे आलेत त्यात माझा काही वाटा असेलच की. तो तुम्ही ठेवा, आणि मला माझी मला देऊन टाका. मी बघेन माझं, कुठे जायचं ते."

हे ऐकून मागे कोणीतरी नाक शिंकरलं. साहेबांनाही वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं.

"चिठ्ठी लागण्यापूर्वी आपण वारस होता," ते आत्याला नम्रपणे म्हणाले. "तेव्हा मागितला असतात तर वाटा मिळाला असता. चिठ्ठी लागल्यापासून आपण लॉट आहात. आणि लॉटला वाटा नसतो."

"पण चिठ्ठी लावलीत तेव्हा मी झोपले होते!"

"तशी नोंद आहे. 'आसनस्थ.'" मग ते आमच्याकडे वळले. "वारसांपैकी कोणी आपखुशीने आपल्या वाट्यातून लॉटला काही देऊ इच्छितं का?"

"कायद्याने द्यावं लागतं का?" दादाने विचारलं.

"नाही."

"मग आपण कायद्याच्या बाहेर जायला नको," दादा म्हणाला. त्याची सगळी नोकरी कायद्याला धरून झाली आहे. ताईने रुमाल तोंडाला लावला. मी कान खाजवला. हातोडा पडला आणि आत्या संग्रहालयाला गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि खरं म्हणजे आम्हीही वाजवल्या.

ती आता एका मोठ्या दालनात असते. जाऊन बघा कधी, सोय फार छान आहे. ना ऊन, ना गारठा, हवा बारा महिने एकसारखी. रोज सकाळी डॉक्टर तपासतात, त्याला तिथे संवर्धन म्हणतात. पायांखाली मऊ गादीचा पाट दिलाय. भोवती जाड लाल दोरी आहे आणि पाटी आहे, हात लावू नये. मी एकदा तिकीट काढून गेलो. तिच्या खांद्यावर हात ठेवावा म्हणून पुढे झालो तर छतातून कर्कश भोंगा वाजायला लागला.

"मागे सर, बाळ," आत्या म्हणाली. "दोरीच्या पलीकडे उभा राहा. सगळे तिथूनच बघतात."

"बरी आहेस ना?"

"बरी आहे. हा रखवालदार रोज विचारतो जेवलात का म्हणून. शाळेतली पोरं येतात, एकेक काय प्रश्न विचारतात!" मग तिने मला नीट न्याहाळलं आणि तिचा चेहरा उजळला. "अरे, तू मुद्दाम मला बघायला आलास? पहिल्यांदाच!" टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. पण ती खरंच खूश झाली होती. मागे रांग होती, म्हणून मला पुढे सरकावं लागलं.

या सगळ्या प्रकारावर पेपरात किती गहजब झाला, तो तुम्ही वाचलाच असेल. संपादकांना पत्रं काय आली! माणुसकी मेली, नाती बाजारात बसली, अशा घराण्याचं तोंड पाहू नये. आत्ताही वाचता वाचता तुम्ही मान हलवली असेल, आणि आमच्या सौ.ला तर मनातल्या मनात केव्हाच चार शब्द सुनावले असतील. हरकत नाही. आम्हाला सवय झाली आहे.

परवा शेवटच्या सह्यांसाठी मी लिलाव कंपनीच्या कचेरीत गेलो होतो. तिथे आता वेगळी खिडकी उघडली आहे, 'आसनस्थ विभाग'. तिची रांग इमारतीला वळसा घालून पार मागच्या गल्लीत गेली होती. प्रत्येकाने एकेक खुर्ची आणली होती, आणि कोणतीच रिकामी नव्हती. कोणी टेम्पोतून आणली होती, कोणी दोन टोकं धरून चालत. पेपराला पत्रं लिहिणारे बरेच जण त्यात दिसले. तुम्हीही होतात. सगळ्यात पुढे. तुम्ही मला ओळखलं नाहीत आणि मीही हाक मारली नाही, अशा ठिकाणी ओळख दाखवणं बरं दिसत नाही. तुमच्या खुर्चीत तुमची आई बसली होती. नवी साडी नेसून, इकडेतिकडे कौतुकाने बघत, कारण किती दिवसांनी तुम्ही तिला कुठेतरी बाहेर नेलं होतं. आणि तुम्ही खिडकीत वाकून आतल्या बाईंना विचारत होतात, खुर्ची तेवढी परत मिळेल का.